किरारीचा खांब आणि आपली दफ्तरे



आपल्या रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयाचा आरंभ लहानच होता. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ साली ते एका अष्टकोनी वास्तूत उभारले. पुढे राणी ज्योतिदेवी व दिग्विजयदास यांच्या औदार्यातून नवी वास्तू झाली. १९५३ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. लोक तेथे सिरपूरच्या कांस्यमूर्ती पाहावयास जातात. माझे पाऊल मात्र किरारीच्या लाकडी खांबापाशी अडते.

१९२१ साली किरारीचा हिराबंध तलाव आटला आणि गाळातून हा खांब निघाला. सुमारे अठराशे वर्षे पाण्याने राखलेले लाकूड उन्हात पडताच तडकले, त्यावरील अक्षरे झडू लागली. लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाच्या गृहस्थांनी ती दिसली तशी कागदावर उतरून घेतली. त्या कोण्या काळच्या राजसेवकांची पदे आज वाचता येतात ती मुख्यत्वे त्या कागदामुळे! खांब राहिला, अक्षरे बहुतेक गेली.

बिंबाजी भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगढात मराठी घरे नांदत आहेत. त्यांतील समया, अडकित्ते, मोडी दफ्तरे यांचे काय? पुण्यात दिनकर केळकरांनी असल्याच घरगुती वस्तू जमवून संग्रहालय उभे केले व १९७५ साली ते शासनाच्या स्वाधीन केले. आपल्याला आरंभास मंडळातले एक कपाट पुरे. वस्तू द्यावयाची नसेल तर खुशाल घरीच ठेवा. पण ती कोणत्या गावाहून, कोणाबरोबर आली, एवढे वडीलधाऱ्यांना विचारून याच महिन्यात लिहून आणा.