उन्हाळ्यातील दिल्ली आणि आपण
(मंडळाच्या सभेत हिंदूराव येथे केलेले भाषण)



मे महिना उजाडला की आपल्या घरोघरी एकच विषय निघतो : गावाकडे केव्हा जायचे? आरक्षण मिळाले तर मंडळी जातात. रजा नामंजूर झाली किंवा मुलांच्या परीक्षा आड आल्या, तर खिडक्या लावून, कूलरसमोर बसून पावसाची वाट पाहतात. बदलीच्या नोकरीत मी अशी कितीतरी कुटुंबे पाहिली आहेत, की दहा वर्षे येथे काढूनही त्यांच्या लेखी दिल्ली म्हणजे कचेरी, सरकारी निवासस्थान आणि भाजीबाजार. कलेचा आस्वाद ही पैसेवाल्यांची हौस आहे, असा त्यांचा समज असतो. त्या समजाविषयी आज मला दोन शब्द बोलावयाचे आहेत.

वास्तविक उन्हाळा हा ज्ञानाचा व रंजनाचा हंगाम मानण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती याच दिवसांत. सामान्य माणसाने दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी यावे आणि काही नवे ऐकून घरी जावे, एवढीच तिची अपेक्षा. तीच सवय येथे का चालू ठेवू नये?

प्रारंभ आपल्या दारापासूनच करू. आपण ज्यांच्या नावाच्या परिसरात जमलो आहोत, ते हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातील पुरुष, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाल्यावर त्याचा टेकडीवरील वाडा हिंदूरावांनी घेतला. १८५७ च्या रणधुमाळीत तो वाडा इंग्रजांचे मोक्याचे ठाणे बनला, आणि पुढे त्याच जागी आजचे रुग्णालय उभे राहिले. जवळच अशोकाचा स्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून आणविला. अठराव्या शतकात फर्रुखसियरच्या कारकिर्दीत स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले, आणि १८६७ साली ते जोडून तो पुन्हा उभारण्यात आला. सकाळी सहाच्या सुमारास मुलांना घेऊन तेथवर चालत जावे. एक पैसाही खर्च न होता दोन हजार वर्षांचा इतिहास त्यांच्या दृष्टीस पडेल.

दुपारी उन्हात हिंडणे शहाणपणाचे नव्हे. ती वेळ संग्रहालयांची. राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी आहे. पाठ्यपुस्तकात चित्र पाहिलेल्या मुलांना तिची उंची अवघी साडेदहा सेंटिमीटर आहे हे पाहून नवल वाटते. जयपूर हाउसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात अमृता शेरगिल यांची चित्रे आहेत. दोन्ही ठिकाणचे तिकीट सिनेमाच्या तिकिटाहून कितीतरी कमी आहे. सोमवारी मात्र ती बंद असतात.

संध्याकाळ मंडी हाउसची. पुलबंगशहून मेट्रोने निघावे, कश्मीरी गेटला गाडी बदलावी, की आपण तेथे पोहोचतो. रवींद्र भवनात साहित्य, संगीत नाटक आणि ललित कला या तिन्ही अकादमी एका छताखाली आहेत. तेथील व त्रिवेणी कला संगमातील चित्रप्रदर्शनांना सहसा प्रवेशमूल्य नसते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची मंडळी उन्हाळ्यात नाटके करतात, सुटीत मुलांसाठी नाट्यशिबिरेही भरवितात. १९७७ साली दिल्लीतच जन्मलेल्या 'स्पिक मॅके' या संस्थेच्या शास्त्रीय संगीताच्या मैफली विनामूल्य असतात. विजय तेंडुलकरांची नाटके हिंदीतून येथे अनेकदा झाली आहेत. आपल्या ज्या मुलांना मराठीपेक्षा हिंदी अधिक सहज समजते, त्यांना मूळ मराठी नाटकाकडे नेणारी वाट कदाचित याच प्रेक्षागृहातून जाईल.

माझ्या एका सहकाऱ्याच्या वृद्ध मातोश्री साताऱ्याहून येथे राहावयास आल्या. हिंदी येत नसल्यामुळे शेजारी बोलणे नाही, दिवस दिवस दाराआड. एके संध्याकाळी मुलाने त्यांना गायनाच्या मैफलीस नेले. रागाला भाषांतर लागत नाही. मध्यंतरात शेजारच्या पंजाबी वृद्धेने त्यांना पाणी दिले, आणि दोघी हातवाऱ्यांनी का होईना, बोलू लागल्या. पुढच्या आठवड्यात "आज कुठे जायचे?" हा प्रश्न त्यांनीच विचारला. त्यांच्या त्या प्रश्नाचे मोल मला फार वाटते. नव्या शहरात माणूस एकटेपणाने खचतो, आणि त्याचा सर्वाधिक भार घरातील वृद्धांवर आणि गृहिणींवर पडतो.

म्हणून मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. उन्हाळ्यातील दर रविवारी मंडळाच्या फलकावर आठवड्यातील विनामूल्य व अल्पमूल्य कार्यक्रमांची यादी लावावी. जुन्या प्रत्येक कुटुंबाने नव्याने बदलून आलेले एक कुटुंब सोबत न्यावे. बरोबर पाणी, डोक्याला रुमाल आणि पिशवीत घरचा डबा असला, म्हणजे तयारी पूर्ण. गावची ओढ सुटणार नाही, सुटूही नये. तथापि आयुष्याची जी वर्षे आपण येथे काढतो, ती केवळ परतीची वाट पाहण्यात खर्ची घालू नयेत. मुलांचे बालपण तर याच शहरात जाते आहे.