परसातली शेगडी घेताना आधी जळण पाहा

(शेतीविषयक नभोवाणी कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भातकापणी उरकली, मळणी झाली की आपल्या महाड-पोलादपूरकडे दुसरे काम सुरू होते. ते म्हणजे पावसाळ्यापूर्वी सरपण गोळा करून ठेवण्याचे. घरात गॅस आला असला तरी परसातली चूल काही विझलेली नाही. अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, भाताचे मोठे टोप, सणासुदीचा स्वयंपाक, हे सारे अजून परसातच होते. सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा आणि जड काम लाकडावर काढायचे, अशी घरोघर रीत आहे. त्यासाठी आपल्या आयाबहिणी डोंगर चढतात आणि डोक्यावर मोळी घेऊन तीच वाट उतरतात. त्याच रानातून राबासाठीही टाळ तोडायचा आणि चुलीसाठीही, म्हणजे एकाच झाडावर दोन घाव.

अशा वेळी बाजारात नव्या तऱ्हेची शेगडी दिसते. तिला पेलेटची शेगडी म्हणतात. गेल्या वर्षभरात तिच्याबद्दल बऱ्याच जणांनी मला विचारले, "साहेब, घ्यावी का?" त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज त्याबद्दल चार गोष्टी सांगतो.

पेलेट म्हणजे काय?

गुरांची गोळीपेंड आपण सर्वांनी पाहिली आहे. पेलेट दिसायला तशीच असते. लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले असा माल वाळवून, दळून, यंत्रात जोराने दाबला की बोटाच्या पेराएवढ्या कांड्या तयार होतात. जाडी साधारण सहा ते आठ मिलिमीटर. सुटा भुसा हलका असतो, जागा फार खातो आणि नीट जळत नाही. तोच दाबला की थोड्या जागेत जास्त वजन मावते आणि जळतोही एकसारखा.

शेगडीत या कांड्या भरायच्या आणि वरच्या बाजूने पेटवायच्या. बुडाशी लहानसा पंखा असतो. तो खालून थोडी आणि वरून जास्त हवा देतो. त्यामुळे कांड्यांतून निघणारा धूर बाहेर न पडता वरच जळून जातो आणि गॅससारखी ज्योत मिळते. लहान शेगडीत पाऊण किलोच्या आसपास माल मावतो आणि तो तासभर चालतो. मात्र चुलीत जसे मध्येच लाकूड सरकवतो, तसे बहुतेक शेगड्यांत करता येत नाही. एकदा भरले की संपेपर्यंत जळू द्यायचे.

धूर कमी, हा या शेगडीचा मोठा गुण. चुलीच्या धुराला आपण सरावलो आहोत, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायांचा जुना खोकला आणि दमा, डोळ्यांचे विकार या सर्वांत त्या धुराचा हात असतो. माझ्या आईने तीस वर्षे फुंकणी फुंकली. तिचा सकाळचा खोकला ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. म्हणूनच अशी शेगडी मी स्वतः हौसेने घेतली.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वी शेगडी आणि बरोबर पेलेटची दोन पोती घरी आणली. उन्हाळाभर काम झकास चालले. आई खूष, मीही खूष. जुलैमध्ये पोती संपत आली म्हणून दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, "वरून गाडी आलेली नाही." उरलेले अर्धे पोते पडवीत भिंतीला टेकून ठेवले होते. ते उघडून पाहिले तर ओल लागून कांड्या फुगलेल्या आणि त्यांचा पुन्हा भुसा झालेला. पुढचे तीन महिने शेगडी कोपऱ्यात पडून राहिली आणि आई पुन्हा ओल्या लाकडांपुढे बसली. चूक शेगडीची नव्हती. मी शेगडी पाहिली, जळण पाहिले नाही.

हे माझ्या एकट्याच्या बाबतीत झाले असेही नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने तयार झालेली 'ऊर्जा' नावाची पेलेटची शेगडी २००६ च्या सुमारास बाजारात आली. आपल्या राज्यातही ती पुष्कळ घरांत गेली. शेगडी चांगली होती. पण पुढे कच्च्या मालाला दुसरीकडूनही मागणी आली, पेलेटचे भाव चढले आणि अनेक घरांतल्या शेगड्या थंडावल्या. यातून एकच धडा घ्यायचा. बैल घेण्याआधी वैरणीचा विचार करतो, तसा शेगडी घेण्याआधी जळणाचा विचार करायचा.

पहिला प्रश्न : श्रावणात पेलेट मिळेल का?

आपल्या भागात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. ऊस आपल्याकडे नाही. तेव्हा चिपाडाचा माल बहुधा घाटावरूनच येणार. वरंध आणि आंबेनळी हे घाट पावसाळ्यात कधी बंद पडतील याचा नेम नसतो. २०२१ च्या जुलैमध्ये दरडी कोसळून आंबेनळीची वाट कशी तुटली आणि महाडात पाणी कसे शिरले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून दुकानदाराला "आज माल आहे का?" असे विचारू नका. "जून ते सप्टेंबर माल देशील का?" असे विचारा. देणार नसेल, तर मे अखेर चार महिन्यांचा साठा करता येईल का, ते पाहा.

साठा किती लागेल? हिशेब सोपा आहे. चार-पाच माणसांच्या घरात अंघोळीसाठी चाळीस लिटर पाणी कडकडीत तापवायला चांगल्या शेगडीत सव्वा किलोच्या आसपास पेलेट लागते. चार महिन्यांचे दीड क्विंटल झाले, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती. स्वयंपाकही त्यावरच करायचा तर त्याचा साठा वेगळा धरावा. पोती जमिनीवर किंवा भिंतीला लावून ठेवू नयेत. आत प्लॅस्टिकची पिशवी असलेले पोते तोंड घट्ट बांधून माळ्यावर ठेवावे. झाकणाचे पिंप असेल तर फारच उत्तम.

दुसरा प्रश्न : परवडेल का?

भाव सारखे बदलतात. म्हणून मी रुपये सांगत नाही, वजन सांगतो. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरने जेवढे काम होते, तेवढ्याला चांगल्या शेगडीत सुमारे ७० किलो पेलेट लागते. साध्या तीन दगडांच्या चुलीत तेवढ्याच कामाला अडीच ते पावणेतीन क्विंटल सुके लाकूड जाते, कारण तिच्यातली बहुतेक आच भांड्याला न लागता वाऱ्यावर जाते.

तेव्हा ७० किलो पेलेटचा भाव गाडीभाड्यासकट काढा आणि तुम्हाला सिलिंडर पडतो त्या किमतीशी ताडून पाहा. पेलेट बरेच स्वस्त पडत असेल तरच पुढे जा. जेमतेम बरोबरी होत असेल तर गॅसच बरा, कारण त्याला साठ्याची आणि राखेची कटकट नाही.

तिसरा प्रश्न : माल कसा ओळखावा?

कांडी हातात घेऊन मोडा. कट्कन मोडली तर सुकी. वाकली किंवा चुरली तर ओल आहे. पोत्याच्या तळाशी हात घाला. भुकटी फार असेल तर घेऊ नका, भुकटीने हवेची भोके बुजतात. एक किलो जाळून राख तोला. पन्नास ग्रॅमपर्यंत राख म्हणजे माल चांगला. शंभराच्या वर गेली तर शेगडी सारखी साफ करावी लागेल. भाताच्या तुसाच्या कांड्या स्वस्त मिळतात, पण तुसात राखच शेकडा पंधरा ते वीस असते, हे ध्यानात ठेवा. काजूच्या टरफलांचा माल घरच्या शेगडीत मुळीच वापरू नका. त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो.

चौथा प्रश्न : शेगडी कशी पाहावी?

भारतीय मानक ब्युरोचे अशा शेगड्यांसाठी २०१३ चे मानक आहे. त्याचा क्रमांक आय. एस. १३१५२. त्यानुसार पंख्याच्या शेगडीने जळणातली निदान शेकडा ३५ आणि बिनपंख्याच्या शेगडीने शेकडा २५ उष्णता भांड्याला दिली पाहिजे. पत्र्यावर हा क्रमांक आहे का, ते पाहा.

त्याशिवाय दुकानातच परीक्षा घ्या. पाच लिटर पाणी झाकण ठेवून उकळायला लावा आणि पेलेट तोलून घाला. तीनशे ग्रॅमच्या आसपास पाणी उकळले तर शेगडी चांगली. अर्धा किलो खाल्ले तर तिला दुकानातच राहू द्या.

पंखा कशावर चालतो, ते विचारा. पावसात आपल्याकडे वीज दोन-दोन दिवस जाते. पंखा बंद पडला की शेगडी चुलीपेक्षा जास्त धूर ओकते. बॅटरी किती तास चालते, पंखा बिघडला तर सुटा मिळतो का आणि तो महाडातच बदलून मिळेल का, याची खात्री करा. आतला पत्रा गंज न धरणारा असावा.

आणखी एक. लहान शेगडीवर अंघोळीचा मोठा टोप ठेवू नका. टोप कलंडून पोर भाजले तर साऱ्या बचतीचे मातेरे होईल. मोठ्या टोपासाठी रुंद बैठकीची शेगडीच घ्यावी. आणि शेगडी कितीही चांगली असली तरी दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत पेटवू नये. निखाऱ्यातून निघणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही.

ही शेगडी कशासाठी नाही?

तव्यावरची भाकरी निखाऱ्यावर फुगवायची, बोंबील भाजायचे, तर त्याला चुलीचाच विस्तव हवा. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की भांबुर्ड्याचा पाला घालून मडके लावतो, ती पोपटी तर शेगडीवर होणारच नाही. पोपटीला पाचोळ्याची आगच पाहिजे आणि वर्षातून चार वेळा ती जरूर लावावी.

जुनी माणसे म्हणतात, धुराने माळ्यावरचे बियाणे टिकते. ते खोटे नाही. पण बियाणे कडक उन्हात वाळवून हवाबंद डब्यात ठेवले तरी टिकते. त्यासाठी घरातल्या बाईने धूर गिळण्याची गरज नाही.

पेलेट नसेल तर?

वरच्या प्रश्नांची उत्तरे पटली नाहीत तर नाउमेद होऊ नका. दुसरे मार्ग आहेत.

लाकडाची वखार जवळ असेल तर भुशाची शेगडी करा. पत्र्याच्या डब्याला बुडाशी बाजूने भोक पाडायचे. मधोमध नळी उभी करून भोवती सुका भुसा ठासून भरायचा. मग नळी अलगद काढून खालून पेटवायची. मोठ्या डब्याची शेगडी दोन तास सहज चालते आणि जवळ बसावे लागत नाही. पाणी तापवायला तिच्याइतके स्वस्त साधन नाही. पेटताना मात्र ती धुरते, तेव्हा तिची जागा उघड्या परसातच.

घरचे लाकूड असेल तर चूल सुधारा. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्या काळात बसवलेल्या निर्धूर चुली अनेकांना आठवत असतील. पुष्कळ मोडल्या, कारण धुराडे कोणी झाडलेच नाही. धुराड्याची, वैल असलेली लक्ष्मी चूल आजही चांगली आहे. महिन्यातून एकदा धुराडे झाडा आणि लाकूड फोडून, वर्षभर वाळवून मगच जाळा. एवढ्यानेही मोळ्या कमी लागतील.

दावणीला चार-पाच जनावरे असतील तर मी म्हणेन, शेगडीच्या नादी लागूच नका. रोज पन्नास किलो शेण मिळत असेल तर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो आणि वर भातखाचराला खतही मिळते.

बंधू-भगिनींनो, एक गोष्ट राहिली. शेगडी घ्यायला जाताना घरातल्या बाईला बरोबर न्या. पैसे तुम्ही मोजणार, पण पेटवणार ती, राख काढणार ती आणि पेलेट संपले तर डोंगर चढणारही तीच. तिने दुकानात ती स्वतः पेटवून पाहावी आणि हो म्हणावे. मी माझ्या आईला विचारले असते, तर तिने पहिला प्रश्न केला असता, "पावसात हिला घालायचे काय?"



लक्षात ठेवा

१. पावसाळ्यातही पेलेट मिळण्याची खात्री झाल्याशिवाय शेगडी घेऊ नये.
२. ७० किलो पेलेट आणि एक सिलिंडर यांची किंमत ताडून पाहावी.
३. पाच लिटर पाणी सुमारे तीनशे ग्रॅम पेलेटवर उकळले पाहिजे.
४. साठा पावसापूर्वी करावा आणि माळ्यावर हवाबंद ठेवावा.
५. बंद खोलीत शेगडी पेटवू नये. लहान शेगडीवर मोठा टोप ठेवू नये.
६. पेलेट नसल्यास भुशाची शेगडी, धुराड्याची चूल किंवा गोबरगॅस यांचा विचार करावा.