पाहुण्यांचा पैसा, यजमानाची पत

(निवास-न्याहारी केंद्रे व लॉज चालविणाऱ्या व्यावसायिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पर्यटन हा विश्वासावर चालणारा व्यवसाय आहे. जे घर पाहिले नाही, ज्या माणसाची ओळख नाही, त्याच्या हाती प्रवासी आगाऊ रक्कम देतो, ती केवळ शब्दावर. नेमक्या याच जागी आज चोराने पाय रोवला आहे. त्यास कुलूप फोडावे लागत नाही. तो आपले नाव घेतो, आपल्या खोल्यांची छायाचित्रे वापरतो आणि आपल्याच पाहुण्याकडून पैसे घेऊन नाहीसा होतो. या प्रकारास ‘फिशिंग’ म्हणतात. गळाला आमिष लावून मासा पकडावा, तसे खोट्या संदेशाने माणसास पकडणे, हा त्याचा अर्थ. किनारपट्टीवरच्या माणसास तो अधिक फोडून सांगण्याची आवश्यकता नाही.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू व पर्यटक यांच्यासाठी सावधगिरीची सूचना प्रसृत केली. केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधामची अतिथिगृहे, हॉटेलांच्या खोल्या यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरील पाने आणि शोधयंत्रांवर पैसे भरून दिलेल्या जाहिराती यांचा वापर होत असल्याचे तीत म्हटले होते. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचे आरक्षण ‘हेलियात्रा डॉट आयआरसीटीसी डॉट को डॉट इन’ या संकेतस्थळावर करावे, असेही तीत स्पष्ट केले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संकेतस्थळाच्या पत्त्याची ओळख त्याच्या शेपटाकडून पटते. पत्त्याच्या आरंभी ओळखीचे नाव घालणे कोणासही शक्य आहे. आरंभीची तिरप्या रेघांची जोडी सोडून त्यापुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगत आधी जे नाव येते, तेच खऱ्या मालकाचे.

दुसरा प्रकार अधिक कावेबाज आहे. त्यात प्रथम यजमानासच गळाला लावतात. ‘मायक्रोसॉफ्ट’ कंपनीने मार्च २०२५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘बुकिंग डॉट कॉम’च्या नावाने हॉटेलांना ई-मेल जाई. कधी पाहुण्याची तक्रार आली आहे असे त्यात असे, तर कधी खात्याची पडताळणी करा असे. दुवा उघडला की ‘आपण मनुष्य आहात हे सिद्ध करा’ असा चौकोन दिसे आणि संगणकाच्या काही कळा क्रमाने दाबावयास सांगितले जाई. त्या कळा दाबणे म्हणजे आपल्याच हाताने चोरास आत घेणे होय. कारण त्यायोगे संकेतशब्द चोरणारी आज्ञावली संगणकात शिरते. संकेतशब्द हाती आला की हॉटेलच्या खऱ्या खात्यातून पाहुण्यांस संदेश जाऊ शकतो: ‘आपले कार्ड पडताळले गेले नाही. चोवीस तासांत रक्कम भरा, अन्यथा आरक्षण रद्द होईल.’ संदेशात पाहुण्याचे नाव बरोबर, तारखा बरोबर. मग त्या बिचाऱ्याने संशय तरी कशाचा घ्यावा?

तिसरा प्रकार आपल्या परिचयाचा असेल. दूरध्वनीवरील माणूस स्वतःस लष्करी अधिकारी म्हणवितो, पाच खोल्या मागतो, घासाघीस करीत नाही. ‘आगाऊ रक्कम पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका,’ असे सांगतो. मित्रहो, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. एवढे एक वाक्य गल्ल्याजवळ लिहून लावले, तरी पुष्कळ हानी टळेल. ‘चुकून जास्त रक्कम गेली, परत करा’ असे कोणी म्हणाल्यास त्याने पाठविलेल्या चित्रावर विसंबू नये; आपल्या बँक खात्यातील जमा पाहावी.

आता उपाय. आरक्षणाच्या खात्यास द्विस्तरीय पडताळणी लावावी. संकेतशब्द सर्व नोकरांत वाटू नये आणि नोकर सोडून गेल्यास तो बदलावा. पैसे कोणत्या एकाच मार्गाने घेतले जातात, हे आरक्षणाच्या वेळीच पाहुण्यास कळवावे आणि ‘याखेरीज अन्य दुव्यावर रक्कम भरू नये’ असे सांगावे. नकाशावर व शोधयंत्रावर आपल्या नावापुढे कोणता दूरध्वनी क्रमांक दिसतो, ते महिन्यातून एकदा स्वतः तपासावे.

इतके करूनही एखाद्या रात्री दहा वाजता कुटुंबासह पाहुणा दारात उभा राहील. हाती पावती असेल, तीवर आपले नाव असेल आणि पैसे मात्र आपणांस मिळालेले नसतील. अशा वेळी त्यास खोटा ठरवू नये. खोली फुकट द्यावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या सामर्थ्याचा प्रश्न आहे. परंतु १९३० हा राष्ट्रीय क्रमांक त्यास तत्काळ लावून देणे कोणासही अशक्य नाही. चोराच्या खात्यातून रक्कम पुढे सरकण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती गोठविता येण्याचा संभव असतो. म्हणून पहिला तास मोलाचा. त्याबरोबरच त्याच्या बँकेस कळवावे आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. आपले नाव वापरले गेले असल्याने आपणही स्वतंत्र तक्रार करावी. बोभाटा होईल या भीतीने गप्प राहणारा व्यावसायिक चोरास पुढचा पाहुणा मिळवून देतो.

शासन यंत्रणा उभारू शकते, सूचना देऊ शकते. परंतु प्रवाशाशी पहिला शब्द बोलता तो आपण. वर्षभर पै-पै साठवून देवदर्शनास वा समुद्र पाहावयास निघालेल्या कुटुंबाचा पैसा आणि आपली पत एकाच दोरीने बांधलेली आहेत. ती दोरी सांभाळण्यास आपण सारे कटिबद्ध होऊ या, एवढे आवाहन करतो आणि आपली रजा घेतो.