कायद्याने माणूस बदलतो काय?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



सामाजिक सुधारणेचा कोणताही कायदा पुढे आला की त्याला होणारा एक विरोध ठरलेला असतो. कायदा चांगला आहे, पण त्याने माणूस बदलत नाही. आधी मने बदलू द्या, कायदा मागाहून येईल, असे मोठ्या समंजसपणे सांगितले जाते. असे म्हणणारे सगळेच ढोंगी असतात असे नाही. थकलेल्या कार्यकर्त्यालाही हे म्हणणे कधीकधी पटू लागते. म्हणूनच त्याची एकदा नीट तपासणी व्हायला हवी, आणि त्यासाठी अमेरिकेच्या इतिहासाइतकी चांगली सामग्री क्वचितच मिळेल. व्यक्तीने स्वतःच्या हिमतीवर आपले नशीब घडवावे, सरकारने त्यात पडू नये, ही त्या समाजाची स्वतःविषयीची आवडती समजूत आहे. त्याच समाजात माणसाने गाडीत कुठे बसावे, घर कुठे घ्यावे, नोकरी केव्हा सोडावी, हे कायदे आणि संस्था कसे ठरवीत आल्या हे पाहिले म्हणजे 'स्वभाव' या शब्दाखाली काय काय दडलेले असते ते ध्यानात येते.

प्रथम आगगाडीच्या डब्याकडे पाहू या. दक्षिणेतील गोऱ्यांना काळ्यांच्या शेजारी बसणे मुळातच सहन होत नव्हते, असे पुढे कित्येक वर्षे सांगितले गेले. इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांनी १९५५ साली दाखवून दिले की, गुलामगिरी संपल्यानंतरच्या काही दशकांत दक्षिणेत एकसारखी प्रथाच नव्हती. कित्येक ठिकाणी दोन्ही वर्णांचे लोक एकाच डब्यातून प्रवास करीत. १८९० साली लुइझियाना राज्याने वेगळ्या डब्यांचा कायदा केला. चुकीच्या डब्यात बसणाऱ्या प्रवाशाला पंचवीस डॉलर दंड किंवा वीस दिवसांपर्यंत कैद; आणि प्रवाशाला चुकीच्या डब्यात बसविणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यालाही तीच शिक्षा. कंडक्टरच्या मनात द्वेष असो वा नसो, त्याने माणसांचा वर्ण पारखलाच पाहिजे अशी ही व्यवस्था होती. जादा डब्यांचा खर्च पडतो म्हणून रेल्वे कंपन्यांनासुद्धा हा कायदा नकोसा होता.

१८९२ साली न्यू ऑर्लिन्स येथील होमर प्लेसी या जोडे बनविणाऱ्या कारागिराने हा कायदा हेतुपुरस्सर मोडला. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. निकालपत्रातील एक विचार मोठा बोलका आहे : वांशिक भावना नाहीशा करण्यास कायदा असमर्थ असतो, असे बहुमताने म्हटले. म्हणजे माणसांना वेगळे बसविण्यास कायदा समर्थ. त्यांना एकत्र बसू देण्यास मात्र तो असमर्थ! न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी एकट्याने या निकालास विरोध केला. पुढे १९०६ साली येल विद्यापीठाचे विल्यम ग्रॅहॅम समनर यांनी 'फोकवेज' या ग्रंथात लोकरूढींपुढे कायद्याचे फारसे चालत नाही असे प्रतिपादन केले, आणि राज्यकर्त्यांना हवी असलेली शास्त्रीय झूल मिळाली. सोळा वर्षांपूर्वीचा कायदा तोवर 'रूढी' म्हणून मान्यता पावला होता.

दुसरे उदाहरण घराचे. गोरा घरमालक काळ्या शेजाऱ्याला विरोध का करतो, असे विचारले तर उत्तर येई : घराची किंमत पडते म्हणून. ही भीती नुसती कल्पनेतली नव्हती. ती खरी ठरावी अशी तजवीज सरकारनेच केली होती. १९३४ साली फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झाले. घरासाठी दिलेल्या कर्जाला या संस्थेची हमी मिळाली की बँक निर्धास्तपणे दीर्घ मुदतीचे कर्ज देई. परंतु ज्या वस्तीत निरनिराळ्या वंशांचे लोक मिसळण्याची शक्यता असेल ती वस्ती जोखमीची समजावी, असे संस्थेचे मूल्यांकनाचे नियमच सांगत. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन ही सतरा हजारांहून अधिक घरांची वसाहत उभी राहिली, तीही अशाच सरकारी हमीच्या बळावर. आणि आरंभीच्या करारपत्रांत गौरेतरांना तेथे राहू देऊ नये असे कलम होते. या घरांच्या किमती पुढे वाढत गेल्या, त्यांतून मुलांची शिक्षणे झाली, वारसांना मालमत्ता मिळाली. ज्यांना तेथे प्रवेशच नव्हता त्यांच्या वाट्याला शहरातील भाड्याच्या जुन्या इमारती आल्या. एका पिढीनंतर गोरा नागरिक म्हणू लागला की, आम्ही काटकसरीने घर उभे केले, त्यांना बचतीची सवय नाही. १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याने, घरविक्रीतील भेदभावाला बंदी करणारा कायदा संमत झाला. परंतु चौतीस वर्षांत साचलेली मालमत्ता आणि साचलेले दारिद्र्य दोन्ही तशीच मागे उरली.

येथे एक मोठा आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो एका मोठ्या माणसाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. जॉन ड्यूई हे त्यांचे तेथील गुरू. माणसाचे वर्तन म्हणजे बव्हंशी सवयी, आणि सवयी या सामाजिक परिस्थितीत मुरतात; परिस्थिती तशीच ठेवून केवळ उपदेशाने माणूस बदलत नाही, हा ड्यूई यांचा सिद्धान्त. आंबेडकरांनी आयुष्यभर कायद्याचे शस्त्र वापरले. तरीही १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानात त्यांनी बजावले की, हक्कांचे खरे रक्षण कायदा करीत नाही, समाजाची नैतिक जाणीव करते; समाजच विरोधात उभा असेल तर संसद आणि न्यायालय हतबल होतात. आणि दाखला म्हणून त्यांनी अमेरिकेतील काळ्यांच्या मूलभूत हक्कांचे काय झाले, असा प्रश्न केला.

त्या वेळी हा प्रश्न बिनतोड होता. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने १८६८ सालीच समान संरक्षण दिले होते, पंधराव्या दुरुस्तीने १८७० साली वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली होती. दोन्ही कागदावर राहिल्या. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरविली, त्या निकालाचीही प्रथम हीच गत झाली. दहा वर्षांनंतर दक्षिणेतील जुन्या बंडखोर राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर शिकणारी काळी मुले शेकडा दोन-तीनांहून अधिक नव्हती. मग बाबासाहेबांचा आक्षेप अखेरचा मानावा काय?

उत्तर रुग्णालयांनी दिले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात एक कलम असे होते की, भेदभाव करणाऱ्या संस्थेस केंद्र सरकारचा पैसा मिळणार नाही. पुढच्याच वर्षी पासष्ट वर्षांवरील नागरिकांच्या औषधोपचाराचा भार उचलणारी मेडिकेअर योजना मंजूर झाली, आणि १ जुलै १९६६ पासून तिचा पैसा वाहू लागणार होता. दक्षिणेतील रुग्णालयांत तोवर वेगळे वॉर्ड, वेगळे मजले, वेगळी दारे होती. काही रुग्णालये काळ्या रुग्णाला घेतच नसत. आता सरकारने कळविले की, वॉर्ड एकत्र करा, अन्यथा योजनेत स्थान नाही. अवघ्या काही महिन्यांत सुमारे हजार रुग्णालयांनी आपली व्यवस्था बदलली. विश्वस्तांच्या, डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या मनात त्या वसंत ऋतूत काही साक्षात्कार झाला नव्हता. मने होती तशीच राहिली; खाटा मात्र शेजारी-शेजारी आल्या.

पण हे केवळ पैशाने झाले असे समजणे चूक होईल. तपासणी आली की काही रुग्णालये तेवढ्यापुरते रुग्ण इकडचे तिकडे हलवीत आणि अधिकारी गेले की पुन्हा पूर्ववत करीत. ही लबाडी कोणी उघडकीस आणली? तेथेच राबणाऱ्या काळ्या परिचारिकांनी, सफाई कामगारांनी, स्थानिक डॉक्टरांनी आणि नागरी हक्कांच्या चळवळीत तयार झालेल्या कार्यकर्त्यांनी. कायद्याला पैशाचा आधार होता, तपासनीसाची नजर होती आणि त्या नजरेला वाट दाखविणारी संघटित माणसे होती. तिन्ही एकत्र आली तेव्हाच कायदा वॉर्डापर्यंत पोहोचला.

मताधिकाराचे असेच झाले. १९६४ साली मिसिसिपी राज्यात मतदार म्हणून नोंदलेले काळे नागरिक शेकडा सातही नव्हते. ते उदासीन आहेत, त्यांना राजकारणात रस नाही, असे गोरे पुढारी सांगत. १९६५ च्या मताधिकार कायद्याने साक्षरतेच्या कपटी परीक्षा स्थगित केल्या आणि नोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी पाठविण्याची तरतूद केली. १९६७ पर्यंत हे प्रमाण साठाच्या घरात गेले. उदासीनता दोन वर्षांत कुठे गेली? बदल गोऱ्यांच्या वर्तनातही झाला. १९६३ साली अलाबामाचे गव्हर्नर होताना वर्णविभागणी कायम टिकेल अशी गर्जना करणारे जॉर्ज वॉलेस पुढे काळ्या चर्चमध्ये जाऊन क्षमा मागू लागले, आणि १९८२ साली काळ्या मतदारांच्या मोठ्या पाठिंब्याने पुन्हा निवडून आले. हृदयपरिवर्तन किती आणि मतपेटीचा धाक किती, हे कोण सांगणार? काळ्या नागरिकाच्या दृष्टीने तो प्रश्न दुय्यम होता. कायदा एखाद्याला माझ्यावर प्रेम करायला लावू शकणार नाही, पण माझा जीव घेण्यापासून त्याला रोखू शकतो, अशा आशयाचे उद्गार किंग वारंवार काढीत, ते याच अर्थाने.

आता एक वेगळा प्रकार. कायदा नेहमी हुकूम करूनच वागणूक बदलतो असे नाही. कधी तो आपले तोंडही न दाखविता काम करतो. १९४२ साली युद्धकाळात अमेरिकेत वेतनावर नियंत्रण आले. कामगार मिळेनात आणि पगार वाढविता येईना, म्हणून मालकांनी आरोग्यविमा देऊ केला, कारण तो वेतनात धरला जात नव्हता. १९५४ च्या करकायद्याने या विम्यावरील मालकाची वर्गणी कामगाराच्या दृष्टीने करमुक्त केली. युद्ध संपले, व्यवस्था राहिली. आजही सुमारे निम्म्या अमेरिकनांचा विमा नोकरीशी बांधलेला आहे. ज्याच्या घरी आजारी मूल आहे तो कामगार अपमान गिळतो, वरिष्ठाशी वाद टाळतो, नवा उद्योग काढण्याचा विचार सोडून देतो. अर्थशास्त्रज्ञांनी याला 'जॉब लॉक' म्हणजे नोकरीचे कुलूप असे नाव दिले आहे. आधीपासून असलेल्या आजारावरून विमा नाकारण्यास २०१० च्या कायद्याने बंदी केली आणि २०१४ पासून ती पूर्णपणे अमलात आली. कुलूप सैल झाले, निघाले नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हा माणूस स्वभावाने मवाळ आहे.

कामगार संघटनांची कथा याच्याशी जोडून पाहावी. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने संघटनेचा आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क मान्य केला. त्यानंतर दीडच वर्षात फ्लिंट येथील मोटार कामगारांनी कारखान्यात ४४ दिवस ठाण मांडून जनरल मोटर्सला वाटाघाटीस बसविले. १९५० च्या दशकाच्या मध्यास सुमारे एकतृतीयांश कामगार संघटित होते. पण १९४७ च्या टॅफ्ट-हार्टले कायद्याने राज्यांना संघटनेची सक्तीची वर्गणी रोखण्याची मुभा दिली होती. संपकऱ्यांच्या जागी कायमची नवी माणसे नेमता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९३८ सालीच देऊन ठेवला होता. आणि १९८१ साली अध्यक्ष रेगन यांनी संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक विमानवाहतूक नियंत्रकांना बडतर्फ करून मालकवर्गाला धडा घालून दिला. आता दहांत एकच कामगार संघटनेत आहे. अलीकडच्या जनमत चाचण्यांत मात्र बहुसंख्य अमेरिकन संघटनांना अनुकूल आहेत. रुग्णालयात मने प्रतिकूल होती, तरी वर्तन बदलले. कारखान्यात मने अनुकूल आहेत, तरी वर्तन बदलत नाही. मने आधी, कायदा मागाहून, हा क्रम दोन्हीकडे खोटा ठरतो.

म्हणजे बाबासाहेबांचा आक्षेप फोल ठरला काय? नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्यातील पूर्वसंमतीची तरतूद ज्या सूत्रावर उभी होती ते सूत्रच रद्द केले. त्याच दिवशी टेक्सास राज्याने मतदारांसाठी ओळखपत्राचा कडक कायदा लागू करण्याचे जाहीर केले. जे कायद्याने मिळते ते कायद्याने जाऊही शकते, आणि त्या वेळी पाठीशी जागा समाज नसेल तर ते गेल्याचे कळतही नाही. पण ही नैतिक जाणीव तरी आकाशातून येत नाही. एकाच वॉर्डात उपचार घेतलेल्या, एकाच बाकावर शिकलेल्या, एकाच रांगेत मत दिलेल्या माणसांमध्ये ती वाढते. त्यांना एकत्र आणण्याचे काम कायद्याचे; आणि कायद्याला ते काम करायला लावणे हे चळवळीचे.

म्हणून कायदा संमत झाला की हारतुरे घेऊन घरी जाणारा कार्यकर्ता जितका चुकतो, तितकाच मने बदलेपर्यंत थांबू म्हणणाराही चुकतो. प्रत्येक कायद्याला विचारावे : तो राबविणारी संस्था कोणती, तो मोडणाऱ्याचे नुकसान काय, आणि तो मोडला गेला हे सांगण्याचे धैर्य असलेली माणसे जागेवर आहेत काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विधिमंडळात मिळवावी लागतात. तिसऱ्याचे उत्तर १९६६ च्या त्या रुग्णालयांतील परिचारिका आणि सफाई कामगार यांनी दिले.