बापाची विचारपूस



भाषांतरकाराने ग्रंथालयात बोलावे ते शब्दांविषयी. मीही एका शब्दापासूनच आरंभ करतो. मूल झालेल्या स्त्रीला आपण बाळंतीण म्हणतो. तिच्यासाठी डिंकाचे लाडू, शेकशेगडी, बाळंतविडा, सव्वा महिन्याची विश्रांती अशी सारी व्यवस्था समाजाने लावून ठेवली आहे. तिच्या नवऱ्यासाठी मात्र शब्दच नाही. भाषांतराच्या गरजेपोटी मी 'नवपिता' असा शब्द बनविला खरा. परंतु तो कोणाच्या तोंडी बसेल असे मला वाटत नाही.

माझा मुलगा जन्मला तेव्हा मी ३१ वर्षांचा होतो. पहिले तीन महिने मला झोप लागत नसे. बाळ रडत असताना नव्हे, ते निजल्यावर. कचेरीतून घरी येण्यास मी मुद्दाम उशीर करी आणि क्षुल्लक कारणावरून पत्नीवर चिडे. तिच्या तपासणीच्या वेळी परिचारिकेने तिला दहा प्रश्न विचारले. मी शेजारी पिशवी सांभाळीत बसलो होतो आणि मनातल्या मनात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत होतो. ती उत्तरे कोणी मागितली नाहीत. मीही दिली नाहीत.

ती प्रश्नावली एडिंबरोची. मातांसाठी म्हणून ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. पुढे अभ्यासकांनी ती पित्यांनाही विचारून पाहिली. तेव्हा गुणांची मर्यादा खाली आणावी लागली, कारण रडू आल्याची कबुली पुरुष सहसा देत नाहीत. २०१० साली अमेरिकेतील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकाने निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून असे दाखविले, की दहा पित्यांमागे सुमारे एकाला अशा खिन्नतेने ग्रासलेले असते, बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना हे प्रमाण वाढते, आणि आई खिन्न असेल तेथे बापही खिन्न असण्याचा संभव अधिक असतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यास मिळणारी पंधरा दिवसांची पितृत्व रजा बहुधा तोवर संपून गेलेली असते.

तरुणांची कथा याहून फार निराळी नाही. किंबहुना आपल्याकडील पुष्कळ बाप हे स्वतःच तरुण असतात. १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ सालापासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, आणि मनाचे आरोग्य हा त्याचा एक भाग आहे. सरकारी रुग्णालयांतून किशोरांसाठी वेगळे दवाखाने चालतात, समुपदेशक भेटतात. तथापि त्या दाराशी आपल्याला ओळखीचे कोणी पाहील, ही मुलाची धास्ती कोणत्याही परिपत्रकाने जात नाही. शिवाय वयाची वीस वर्षे पूर्ण झाली की तो 'किशोर' राहत नाही, आणि नोकरीची, लग्नाची खरी ओढाताण तर तेथूनच सुरू होते.

म्हणूनच १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस या सेवेचे मोल मला अधिक वाटते. १४४१६ हा तिचा क्रमांक. अहोरात्र, विनामूल्य, आणि वीस भाषांत. त्यांत मराठीही आहे. महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी माणूस बाजारात हिंदी बोलतो, कचेरीत इंग्रजी बोलतो. पण 'मला काही सुचेनासे झाले आहे' हे वाक्य त्याला घरच्याच भाषेत सुचते. फोनवरचे बोलणे पुरेसे नसेल तर पुढे कोठे जावे हेही तेथे सांगतात. जीव द्यावासा वाटल्याचे सांगितले तर शिक्षा होईल, अशी भीती अजून पुष्कळांना वाटते. तिला आधार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर तीव्र ताण होता असेच गृहीत धरले असून त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याच्या मुलीचे बारसे होते. सगळ्या बायका पाळण्याभोवती. मी त्याला गच्चीवर नेले आणि विचारले, "झोप लागते का रे?"

"लागते की, काका," तो म्हणाला. मग कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. "दोन तास. कधी तेवढीही नाही."

बारशाच्या पत्रिकेच्या मागे मी त्याला तो क्रमांक लिहून दिला. त्याने ती चार घड्या करून खिशात ठेवली, आणि आम्ही पेढे वाटायला खाली गेलो.