बाईचं पुस्तक कुठल्या खणात?

(छोट्या ग्रंथालयांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मी ग्रंथपाल. आयुष्यभर तालिकेची कार्डं लिहिली, आता संस्थेच्या ग्रंथालयातल्या त्याच नोंदी संगणकात भरते आहे. आज फक्त एका रकान्याबद्दल बोलणार आहे. लेखकाचं नाव.

नियम साधा. आधी आडनाव, स्वल्पविराम, मग नाव. पुरुषाचं आडनाव बहुधा जन्मभर एकच, त्यामुळे त्याची पुस्तकं एका खणात सापडतात. बाईचं तसं नाही. बाळूताई खरे यांनी १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिलं. लग्नानंतर त्या मालती बेडेकर झाल्या. ख, श आणि ब. बाई एक, खण तीन. वडिलांच्या आयुष्यावर बेतलेली त्यांची कादंबरी ‘खरेमास्तर’, ती बसते शिरूरकरांच्या खणात!

कार्डांच्या काळात यावर उपाय होता. ‘खरे, बाळूताई’ असं एक कार्ड घालायचं आणि त्यावर लिहायचं, ‘पाहा: शिरूरकर, विभावरी’. संगणकातही ही सोय असते, पण घाईघाईने नोंदी भरताना पहिला बळी या ‘पाहा’चाच जातो. पुस्तक कपाटात असतं आणि वाचणारीला आपण सांगतो, नाही हो, आमच्याकडे नाही.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्रजी कादंबरीकार मेरी ऑगस्टा वॉर्ड आपली पुस्तकं ‘मिसेस हम्फ्री वॉर्ड’ या नावाने छापत. हम्फ्री हे नवऱ्याचं नाव. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची नोंदही तशीच झाली: वॉर्ड, हम्फ्री, मिसेस. पुस्तकावर छापलेलं नाव घ्यायचं, या नियमाने ती बरोबरच. पण तिचं स्वतःचं नाव त्यात शोधून सापडत नाही.

आणि ज्यांना आडनावच नाही त्या? संत जनाबाईची नोंद ‘जनाबाई’ अशीच व्हायला हवी. आमचा संगणक आडनावाचा रकाना रिकामा ठेवू देईना, तेव्हा कुणीतरी तिथे ‘संत’ टाकलं होतं. आम्ही खूप हसलो. दुरुस्त करायला मात्र अख्खी दुपार गेली.

मधल्या नावाचंही तेच. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी क्रम ठरवला: स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. चांगलं झालं. विवाहितेसाठी मात्र तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, हीच जुनी रीत ठेवली. निदान आपण तरी, पुस्तकावर नसलेलं नवऱ्याचं नाव केवळ रकाना आहे म्हणून भरू नये. मी स्वतः कित्येक वर्षं भरत होते.

आता जे सांगते, त्याचा मला अजून नीट उलगडा झालेला नाही. आपल्यातल्या एका मैत्रिणीने पूर्वी सासरच्या नावाने पुस्तिका लिहिली होती. पुढे मारहाणीला कंटाळून ती घराबाहेर पडली. आडनाव टाकलं, स्वतःच्या नावापुढे आईचं नाव लावू लागली आणि त्याच नावाने लिहू लागली. जनाबाईसारखीच तिचीही नोंद मी पहिल्या नावावर केली. नाव बदललं तर सहसा शेवटचं धरावं, असं १९७८च्या अँग्लो-अमेरिकन तालिका-नियमांतही आहे. म्हणून जुनी पुस्तिकाही नव्या नावाखाली आणली आणि जुन्या नावावर ‘पाहा’ टाकलं. वाटलं, तिला आनंद होईल.

पडद्यावरची नोंद वाचून ती म्हणाली, “ताई, तुम्ही त्याला माझा माग दाखवलात.”

मी गप्प झाले. ज्या ‘पाहा’साठी मी सगळ्यांशी भांडत आले, तेच मी तिच्यासाठी काढून टाकलं. पुस्तिका पुन्हा जुन्या नावाखाली गेली. आता वाचणारीला ती अर्धीच सापडते, आणि याची मला हळहळ वाटते. पण नोंद पुन्हा जोडायची की नाही, हे तिने सांगायचं. विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही.

दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवलेत. ज्यांनी काही छापलं आहे, मग ते पत्रक का असेना, त्यांनी त्यावर लिहून द्या: नोंद कुठल्या नावाने करू, आधीची नावं कोणती, आणि त्यांच्यावरून ‘पाहा’ घालू की नको. तिसरा प्रश्न कोरा सोडलात, तर मी फोन करून विचारीन.