कावळ्याचं घर आणि ३८ टॉर्पेडो



चिऊकाऊची गोष्ट तुम्ही घरात मुलांना सांगितलीच असेल. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस आला आणि कावळ्याचं घर वाहून गेलं. कावळा माणसासारखा बोलतो कसा, असं कुठलंही मूल विचारत नाही. पण डोळ्यांवर झोप असताना तुमची जीभ घसरली आणि कावळ्याचं घर मेणाचं झालं, की पांघरुणातून लगेच आवाज येतो, "काल तर शेणाचं होतं!"

आज बोलायचंय 'स्टार ट्रेक'बद्दल, आणि खरं तर या पांघरुणातल्या हरकतीबद्दल.

या मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ला दिसला. दर आठवड्याला अवाढव्य यान एखाद्या ग्रहावर उतरवून दाखवणं खर्चात बसत नव्हतं. म्हणून लेखकांनी माणसाला यानात विरघळवून ग्रहावर पुन्हा उभं करणारं यंत्र काढलं. पैसे वाचवायची युक्ती, पण लोकांना पटली. पुढे कुणीतरी शास्त्र काढलंच: हायझेनबर्गच्या नियमाप्रमाणे कणाची जागा आणि गती दोन्ही एकाच वेळी नेमकी कळत नाहीत, मग माणूस पुन्हा जुळवणार कसा? त्यावर लेखकांनी यंत्रात 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा एक भाग बसवून टाकला. तो कसा चालतो, असं मालिकेच्या मायकेल ओकुडांना विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं, छान चालतो! मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. अशक्य गोष्ट एकदा मान्य केली, की ती रोज त्याच नियमाने चालावी, एवढीच आपली अपेक्षा असते.

घोटाळा होतो तो विसरण्यात. काही विसर गमतीचे आहेत. १९६७मध्ये क्लिंगॉन लोक पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची कपाळं तुमच्याआमच्यासारखी सपाट होती. १९७९च्या चित्रपटात कपाळावर हाडांचे कंगोरे उगवले, कारण आता रंगभूषेला पैसे होते. १९९६मध्ये 'डीप स्पेस नाइन'ची मंडळी एका भागात त्या जुन्या काळात जातात, सपाट कपाळाचे क्लिंगॉन पाहून चक्रावतात आणि आपल्या क्लिंगॉन सोबत्याकडे, वॉर्फकडे, वळतात. तो तोंड पाडून सांगतो की हा विषय आम्ही परक्यांशी बोलत नाही. घरातली जुनी भानगड पाहुण्यांसमोर निघाल्यावर एखादे काका करतात ना, अगदी तसा चेहरा! नंतर २००५मध्ये विषाणू वगैरे आणून याचं रीतसर स्पष्टीकरण दिलं गेलं. नसतं दिलं तरी चाललं असतं.

'व्हॉयेजर'चा विसर मला जास्त खटकतो. १९९५ची ही मालिका. एक यान घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं, परतायला ७५ वर्षं लागणार, वाटेत ना बंदर, ना ओळखीचं कुणी. सुरुवातीलाच सांगितलं जातं की टॉर्पेडो फक्त ३८ आहेत आणि नवे मिळणार नाहीत. ऐकून वाटतं, आता एकेक टॉर्पेडो जपून वापरतील. पण सात वर्षांत त्यांनी ३८हून कितीतरी जास्त उडवले. हिशेबी प्रेक्षकांनी ते मोजले. यानाला भोक पडलं तरी पुढच्या आठवड्यात ते कोरं करकरीत. घरापासून इतकं दूर असण्याला किंमत मोजावी लागते, हे वचन मालिकेनेच दिलं होतं आणि ती किंमत कुणीच मोजेना.

आणि एका विसराचा तर रागच येतो. 'द नेक्स्ट जनरेशन'मध्ये १९९३चा 'फोर्स ऑफ नेचर' नावाचा भाग आहे. सेरोव्हा नावाची शास्त्रज्ञ सांगत असते की तुमची वॉर्प इंजिनं अवकाशच फाडताहेत. कुणी ऐकत नाही, तेव्हा ती आपल्याच यानाचं इंजिन उडवून ते सिद्ध करते आणि त्यात मरते. मग सगळ्या यानांवर वॉर्प ५ची वेगमर्यादा येते. पुढच्या एकदोन भागांत कप्तान ती मोडायची परवानगी असल्याचं सांगतो, आणि नंतर सारं गुपचूप नाहीसं! त्या बाईने जीव दिला आणि लेखकांनी तो हिशेब फाडून टाकला.

म्हणूनच २०२०चा 'डिस्कव्हरी'चा तिसरा सीझन पाहताना मी सावरून बसलो. हे यान ९३० वर्षं पुढे, बत्तिसाव्या शतकात पोचतं. तिथे कळतं की सुमारे १२० वर्षांपूर्वी आकाशगंगेतलं डायलिथियम एका क्षणी निकामी झालं आणि चालू असलेली वॉर्प इंजिनं फुटली. त्याचं कारण शेवटी उलगडतं: आई गेल्यावर एका मुलाने फोडलेला हंबरडा. हे काही मला पटलं नाही. पण परिणाम? ते मात्र चोख मांडलेत. इंधन दुर्मीळ, त्यावर टोळ्यांची सत्ता, ३५० ग्रहांच्या संघातले उरलेत ३८. (हो, पुन्हा ३८च.) पृथ्वीसुद्धा संघातून बाहेर पडलीय. इतक्या वर्षांनी घरी आलेल्या यानाला पृथ्वीचेच पहारेकरी अडवतात, झडती घेतात. कोण तुम्ही, कशाला आलात?

झडतीचं प्रकरण निभावल्यावर त्यांना खाली उतरायची परवानगी मिळते. ते सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या जुन्या अकादमीच्या जागेवर जातात. ओळखीचं कुणी उरलेलं नाही. पण त्यांच्या वेळचं एक मोठं झाड तिथे अजून उभं आहे. त्याच्याजवळ ते नुसते थांबतात.

माझी मुलगी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "बाबा, ९३० वर्षं? सिकोइया जगतं तीन हजार, पण हे सिकोइया दिसत नाहीये."

बरोबर होतं तिचं. मी म्हटलं, "बाळा, दोन मिनिटं गप्प बस."